विटेची पूड

डाव्या मनगटावरच्या पांढऱ्या रुमालाच्या घडीवर चिमूटभर लाल पूड पडली, तेव्हा तो पाचव्या ओळीजवळ उभा होता. दोन्ही हातांत प्रभुभोजनाचं तबक, तबकात द्राक्षरसाचे बोटभर उंचीचे चाळीस पेले, आणि मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे चर्चच्या निवडलेल्या ज्येष्ठांनी, चालावं तशी चाल, ना घाईची ना रेंगाळणारी. वर गॅलरीत मुलं गात होती. तीस वर्षं तो हे तबक फिरवत आला होता. कुठली फळी पायाखाली कुरकुरते आणि कुठल्या ओळीतल्या म्हातारबुवांचा हात पेला उचलताना थरथरतो, हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. पूड मात्र नवीन होती. त्यानं तबक डाव्या हातावर तोललं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांत ती चोळून पाहिली. किडलेल्या लाकडाची पूड मऊ असते, पिवळट, पिठासारखी बोटांत विरते. ही खरखरीत होती. ही वीट होती. विटेची पूड उगाच पडत नाही. वीट दळली जावी लागते, दळायला वर वजन लागतं, आणि ते वजन हलत असावं लागतं. वर अडतीस मुलं एका ठेक्यात पाय आपटत होती. त्यांत दुसऱ्या रांगेत, डावीकडून चौथी, त्याची नऊ वर्षांची नात होती.

त्यानं पुढच्या माणसासमोर तबक धरलं.

माणसानं पेला घेतला, मान झुकवली. त्याच्या शेजारणीनं घेतला. सहावी ओळ, सातवी. गॅलरीच्या खालचं तक्तपोशीचं छत त्याच्या डोक्यापासून हातभर उंचीवर होतं आणि त्याला आपल्या मानेची कातडी ताणल्यासारखी वाटत होती, जणू वरून कोणी बोट रोखून धरलं आहे. गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. आठवी ओळ. एका बाईच्या मांडीवरचं मूल रुमालावरच्या लाल ठिपक्याकडे टक लावून बघत होतं. त्यानं रुमालाची घडी उलटी केली. पुढे घरी आल्यावर त्यानं हिशेब केला, कारण मोजल्याशिवाय त्याला काही खरं वाटत नसे: उरलेल्या ओळी, परतीची चाल, तबक मेजावर ठेवणं, पाळकसाहेबांची शेवटची प्रार्थना, मग मुलं जिन्यानं खाली. अकरा मिनिटं. आपण थांबलो असतो, ओरडलो असतो, तर त्या अरुंद जिन्यात मुलांची चेंगराचेंगरी झाली असती, असं कारण त्याला सापडलं, आणि ते चांगलं कारण होतं. पण ते सापडलं जेवणानंतर, आरामखुर्चीत. त्या अकरा मिनिटांत त्याच्या मनात जिना नव्हता, मुलं नव्हती, खरं म्हणजे नातही नव्हती. होता तो एक कागद, बावीस वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्या तळाशी असलेली स्वतःची सही.

गॅलरी बांधायची ठरली, तेव्हा तो पुलांच्या खात्यात चांगल्या हुद्द्यावर होता आणि त्याच्या नावानं ठेकेदार चळचळा कापत. नऊ इंच म्हणजे नऊ इंच. प्लास्टर झाल्यावर कुणी हमी द्यायला लागलं की तो टोपी नीट करायचा आणि एकच शब्द म्हणायचा: "फोडा." मग प्लास्टर फोडून आतलं काम दाखवावं लागे, आणि दाखवल्यावर पुन्हा स्वतःच्या खर्चानं गिलावा करावा लागे. कामगारांनी त्याचं नावच पाडलं होतं, फोडासाहेब. त्याच्या बायकोला हे कळलं तेव्हा ती पोट धरून हसली होती आणि कितीतरी दिवस नारळ त्याच्यासमोर ठेवून म्हणायची, "अहो, हे तुमचं खातं." दुसरी एक गोष्ट त्याच्याबद्दल सांगितली जाई, तीही खरी होती. नवीन पुलावर वजनाची चाचणी असली, वाळूनं भरलेले ट्रक एकामागून एक वर चढू लागले, की हा खाली जाऊन मधल्या गाळ्याखाली उभा राहायचा. कोणी सांगितलं नव्हतं, नियमात नव्हतं. हात मागे बांधून, वर बघत, शेवटचा ट्रक उतरेपर्यंत. खात्यातली तरुण मंडळी म्हणायची, साहेब खाली गेले म्हणजे आता चहा सांगायला हरकत नाही. घरात ही गोष्ट इतकी सांगितली गेली होती की नातीनं शाळेत 'माझे आजोबा' या निबंधात पहिलंच वाक्य ते लिहिलं होतं. का उभा राहतो, हे त्याला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की सैन्यातली सवय आहे. तेही खोटं ठरलं नसतं.

गॅलरीचं काम मंडळीतल्याच एका गवंड्यानं अंगावर घेतलं होतं. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. तो स्वतःही मंडळीचा वडील होता. त्याच्याच बरोबरीनं, तबकाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहणारा. जाडजूड बोटं, पण पेले भरताना एक थेंब सांडायचा नाही. लोखंडी गर्डर कुणीतरी दान दिले होते. नकाशात गर्डरची टोकं दोन्हीकडे भिंतीत नऊ-नऊ इंच बसवलेली होती, खाली काँक्रीटचा ठोकळा. मंडळीच्या वतीनं तो पाहणीला गेला, त्या दुपारी टोकांवर आधीच प्लास्टर झालं होतं, ओलं, करड्या रंगाचं, अगदी सपाट. शब्द त्याच्या जिभेवर आला होता. मिस्त्री हात पुसत समोर आला आणि म्हणाला, "वडील, आत नऊ इंच आहे. माझा शब्द." आणि आदल्या रविवारी याच हातांनी भाकरी मोडली होती, याच हातांना आपण 'फोडा' कसं म्हणायचं, असं त्याला वाटलं. वाटलं म्हणणंही बरोबर नाही. लाज वाटली. आपण शंका घेतो याची लाज. त्यानं खिशातून पेन काढलं आणि सही केली. त्या दिवशी सही इंजिनिअरनं केलीच नाही; ती मंडळीच्या वडिलानं केली, आणि खाली हुद्दा मात्र इंजिनिअरचा लिहिला. पहिल्या रविवारी उपासनेला तो मुद्दाम गॅलरीखालच्या बाकावर बसला. पूर्ण वेळ वर बघत. झालं, चाचणी झाली, असं त्यानं मनाला सांगितलं, आणि मनानंही ते लगेच ऐकलं.

मंगळवारी दुपारी तो छिन्नी-हातोडी पिशवीत घालून गेला. पाळकसाहेब, त्याच्या मुलापेक्षाही लहान, शिडी धरून खाली उभे राहिले आणि सारखे म्हणत राहिले, काका, तुम्ही उतरा, मी कोणाला तरी बोलावतो. त्यानं टोकावरचं प्लास्टर फोडलं. बावीस वर्षांनी. पहिल्या चार घावांतच ढलपी सुटली आणि आतून विटांचे तुकडे आणि कोरडा चुना घसरून त्याच्या बुटांवर पडला. गर्डर आखूड होता. भिंतीत जेमतेम तीन बोटं टेकलेला. उरलेलं भोक तुकड्यांनी भरून वर गिलावा ओढलेला. काँक्रीटचा ठोकळा नव्हताच. खालची वीट मधोमध पिठाळ झाली होती आणि त्या पिठात गर्डरच्या कडेची रेघ उमटली होती, पावात सुरी दाबावी तशी. त्यानं बोट घालून खोली मोजली. दान आलेले गर्डर आखूड निघाले असणार, मिस्त्रीला परत कोणाकडे मागायला संकोच वाटला असणार. संकोचावर संकोच रचून ही गॅलरी बावीस वर्षं उभी होती. उजवीकडची तिन्ही टोकं तशीच निघाली. तो शिडीवरून उतरला तेव्हा पाळकसाहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी तिथल्या तिथे जिन्याच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली त्याच्या हातात दिली आणि म्हणाले की मुलं रविवारी खालीच उभी राहून गातील, दुरुस्तीचं पुढे बघू, पण काका, या वयात तुमची नजर! देवानं तुमच्या डोळ्यांनी दाखवलं, असं ते दोनदा म्हणाले. त्यानं तोंड उघडलं. मग किल्ली खिशात टाकली आणि बुटांवरचा चुना झटकत बसला.

घरी दिवाणखान्यात, दाराच्या डाव्या बाजूला, सैन्यातून आलेलं पत्र चौकटीत लावलेलं होतं. सोनेरी चौकट बायकोच्या आवडीची, काच नातीनं फुंकर मारून पुसायची. पत्रात लिहिलं होतं की अमुक तारखेला, सुरुंगांनी भरलेल्या भागात, स्वतःच्या जिवाची पर्वा न करता, त्यानं जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन बाहेर आणलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. अडचण तीच होती. लढाई संपून चार महिने झाले होते. आपलेच सुरुंग आपल्याच नकाशावरून काढायचं काम होतं, आणि नकाशावर त्या पट्ट्यात बत्तीस होते. त्याच्या तुकडीला एकतीस सापडले. अख्खी दुपार त्यानं बत्तिसाव्यासाठी गवत विंचरलं. ओढ्याच्या काठाची दरड मध्ये ढासळली होती; बत्तिसावा त्या मातीबरोबर वाहून गेला असणार, असं तो साहेबांना म्हणाला. पटण्यासारखं होतं. खाली ट्रकचं इंजिन सुरू होतं, सगळ्यांना छावणीत परतायचं होतं, आणि वही मिटली गेली. एक नियम होता, कोणी लिहिलेला नव्हता पण सगळे पाळायचे: ज्यानं पट्टा साफ केला, त्यानं त्यावरून पहिलं चालायचं, बाकीचे त्याच्या मागे. त्या दिवशी पहिली पाळी त्याची होती. पोट बिघडलंय असं त्यानं सगळ्यांना सांगितलं, आणि तो झुडपाआड जाऊन बसला. तुकडीत एक उंच, काटकुळा गडी होता, पूर्वी शाळेत शिकवायचा, सगळ्यांची पत्रं लिहून द्यायचा. त्याला मास्तर म्हणत. मास्तर झुडपाशी येऊन म्हणाला, "परीक्षेच्या सकाळी बसतात तसा काय बसलायस पोट धरून? बस निवांत. मी जातो." आणि खांद्यावर दोरी टाकून निघाला. तो झुडपातून बघत होता. मास्तर पाय उचलून चालायचा, करकोच्यासारखा. वीस पावलं गेला, तीस गेला. इतका वेळ होता. तोंड उघडायला, एक शब्द बाहेर टाकायला भरपूर वेळ होता. पण तो शब्द म्हणजे, माझी मोजणी चुकली आहे, हा होता, आणि ट्रकपाशी साहेब उभे होते.

मग त्यानं मास्तरला पाठीवर आणलं, हे खरं. मास्तर संध्याकाळ व्हायच्या आत गेला, हेही खरं. सगळ्यांनी मिळून तो सुरुंग शत्रूचा ठरवला, आणि पत्र आलं. नंतर त्यानं नोकरी सोडली, वयानं सहा-सात वर्षांनी लहान पोरांच्या बाकावर बसून इंजिनिअरिंग केलं, लग्न केलं, मुलाला सायकल शिकवली, बायकोच्या दोन्ही बाळंतपणांत आणि एका बाळाच्या दफनात तिचा हात सोडला नाही, मंडळीत वडील म्हणून त्याच्यावर हात ठेवले गेले. तो चांगला माणूस होता, असं लोक म्हणत, आणि रोजच्या जगण्यातून पुरावा काढला तर लोकांचं बरोबर होतं. पुलाखाली उभा राहायचा, तेव्हा दर वेळी वर ट्रकची चाकं ऐकताना त्याला वाटायचं, आता मी पहिला आहे. आता कोणी माझ्या जागी गेलेलं नाही. तेवढ्यापुरतं हलकं वाटायचं. पण शिडीवरून उतरल्यापासून, बोटाच्या पेरात अजून ती खरखर असताना, त्याच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली होती, जी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळेल. खाली उभ्या माणसाचा तुळईला काहीही आधार नसतो. तो फक्त खाली असतो.

गुरुवारी पाळकसाहेबांनी रविवारची सूचना लिहून पाठवली. त्या रविवारी त्याचा वडीलपणाचा शेवटचा दिवस होता. तीस वर्षं झाली की जागा सोडायची, असा मंडळीचा रिवाज. शाल नाही, हार नाही, फक्त उभं राहून दोन शब्द. सूचनेत लिहिलं होतं की आपल्या आदरणीय वडिलांच्या अनुभवी नजरेमुळे आपली अडतीस मुलं वाचली. बायकोनं चष्मा लावून ती मोठ्यानं वाचली. छान लिहिलंय, म्हणाली. पाळकसाहेबांचं अक्षर किती वळणदार आहे, आणि हेही लावून टाकू चौकटीत, त्या पत्राच्या शेजारी जागा आहे. तो खिडकीशी उभा राहून समोरच्या घरावरची पाण्याची टाकी बघत होता. टाकी एका बाजूला किंचित कललेली होती, अर्ध्या अंशाहून जास्त नाही. यातही एकही शब्द खोटा नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला एकाएकी इतकं थकल्यासारखं झालं की त्यानं खिडकीच्या गजाला धरलं.

"अहो," बायको म्हणाली, "रविवारपासून तुम्ही जेवताना बोलत नाही आहात."

तो म्हणाला, दगदग झाली. ती त्याच्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षं एका घरात राहिलेल्या बाईला बंद दार ओळखायला कुलूप दिसावं लागत नाही. पण तिनं कागदाची नीट घडी केली आणि ती डाळ बघायला आत गेली.

शुक्रवारी त्यानं बोलायचे शब्द मनात जुळवले, शनिवारी मोडले. एक गोष्ट मध्ये येत होती. मिस्त्री जाऊन चार वर्षं झाली होती. त्यानं स्वतः खांदा दिला होता. मिस्त्रीची बायको दर रविवारी तिसऱ्या ओळीत भिंतीकडेला बसे, आणि उपासना संपली की गॅलरीच्या खांबाला जाता जाता हात लावी, घरच्या माणसाच्या पाठीवर फिरवावा तसा. तिच्या देखत काय सांगायचं? गप्प बसण्यासाठी हे कारणही चांगलं होतं. सगळी चांगलीच कारणं होती. आयुष्यभर आपल्याला गप्प बसायला एकही वाईट कारण लागलं नाही, असं त्याला वाटलं, आणि तो एकटाच, दाढीचा ब्रश हातात धरून, आरशासमोर थोडा हसला. हसणं चेहऱ्यावर फेसाखाली विचित्र दिसलं.

रविवारी गॅलरीखालचे बाक रिकामे ठेवले होते, दोर बांधून. मुलं समोरच्या पायरीवर दाटीवाटीनं उभी होती. पाळकसाहेबांनी सूचना वाचली. लोक माना वळवून त्याच्याकडे बघू लागले, कोणीतरी डोळे पुसले. दोन शब्द बोला काका, असं म्हणून पाळकसाहेब बाजूला झाले. तो पुढे जाऊन उभा राहिला. रुमाल मनगटावर नव्हता आणि हाताचं काय करावं ते त्याला कळेना. तिसऱ्या ओळीकडे बघायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं, पण नजर नेमकी तिथेच गेली.

"नजरेचं काही नाही," तो म्हणाला. "बावीस वर्षांपूर्वी मी ही गॅलरी बरोबर आहे म्हणून सही केली. भिंतीतली टोकं मी बघितली नाहीत. बघणं माझं काम होतं, दुसऱ्या कोणाचंही नाही. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी फोडून बघितलं असतं. आपल्यातल्या माणसाला कसं म्हणायचं, म्हणून मी म्हणालो नाही. ती चूक माझी आहे, त्या माणसाची नाही." मेजावर पाणी होतं, पण हात पुढे गेला नाही. "आणि मागच्या रविवारी पूड माझ्या रुमालावर पडली तेव्हाच मला कळलं होतं. मुलं वर होती. मी तबक फिरवत राहिलो. अकरा मिनिटं. आभार मानू नका."

तो जागेवर येऊन बसला. पाळकसाहेबांनी हातातला कागद बघितला, मग मागची बाजू बघितली, जणू पुढचं तिथे लिहिलेलं असेल. शेवटी त्यांनी मुलांना खूण केली, आणि मुलं गायली, पायांचा ठेका न धरता. त्यांना तशी ताकीद दिली होती, आता जमिनीवर तिची गरज नव्हती तरी. उपासना संपल्यावर लोक हळूहळू बाहेर गेले. काही त्याच्याकडे बघून मान हलवून गेले, काही न बघता. एका मुलीचा बाप त्याच्यासमोर येऊन थांबला, त्याच्या जबड्याची शीर उडत होती; तो मुलीला दंडाला धरून घेऊन गेला. मिस्त्रीची बायको दोराशी गेली. खांब दोराच्या पलीकडे होता. ती थोडा वेळ उभी राहिली, मग वळून त्याच्या बाकाशी आली आणि म्हणाली, "ते म्हणायचे, वडिलांनी फोडा म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मला तेव्हा कळायचं नाही ते कशाबद्दल बोलतात." आणि काठी टेकत निघून गेली.

तो बसून राहिला. बायको शेजारी प्रार्थनेची पुस्तकं पिशवीत भरत होती, एकेक, वेळ लावून. नात पायरीवरून आली आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तिनं विचारलं, आम्ही वर होतो तेव्हा तुम्हाला खरंच माहीत होतं? तो हो म्हणाला. म्हणजे आम्ही दोन्ही गाणी म्हटली तेव्हा? हो. पहिल्या वेळेपेक्षा हो जरा सोपं गेलं.

"तुम्ही आमच्या खाली उभे होतात?" नातीनं विचारलं. "पुलाखाली उभे राहायचात तसे?"

"हो. खालीच होतो."

"त्याचा काय उपयोग?" तिच्या आवाजात राग नव्हता, गणित अडलं की विचारायची तसं ती विचारत होती. "हाक मारायची ना, आजोबा."

रिकाम्या सभागृहात कुठेतरी एक बाक करकरला. मागे, दोराच्या पलीकडे, फोडलेल्या प्लास्टरमधून गर्डरचं टोक उघडं दिसत होतं, गंजलेलं, आखूड. त्याला उंच गवत दिसलं, आणि पाय उचलून चालणारा एक काटकुळा माणूस, खांद्यावर दोरी. वीस पावलं, तीस. नातीचं बोलणं बरोबर आहे हे तिला सांगायला हवं होतं, पण तेवढ्यानं भागणार नव्हतं.

"घरी ते पत्र आहे ना चौकटीतलं," तो म्हणाला, "त्यातलं एक लिहायचं राहिलंय." पलीकडे बायकोचे हात पिशवीत थांबले. तिनं वर बघितलं नाही. "बत्तीस होते," तो म्हणाला. "आम्हाला एकतीस सापडले."